पीएचडी करता करता नेतृत्वाचा सिद्धांत वॉर्डात कसा लावायचा?

एका इन-चार्ज सिस्टरचा प्रश्न आहे. त्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्ड सांभाळतात आणि नर्सिंगमध्ये पीएचडी करत आहेत. विषय नेतृत्वाचा. त्या लिहितात, "कोर्सवर्कमध्ये सगळे सिद्धांत वाचले. परिवर्तनकारी नेतृत्व, सेवक नेतृत्व, परिस्थितीनुसार नेतृत्व. पण वॉर्डात पाऊल टाकलं की त्यातलं एकही कामाला येत नाही. रुग्ण भरपूर, सिस्टर दोन, फोन सतत वाजतोय. हे सिद्धांत प्रत्यक्षात लावायचे कसे? आणि त्यातूनच प्रबंध उभा राहील का?"

मी अधिपरिचारिका म्हणून सरकारी नोकरीत लागले आणि परिसेविका, सहायक अधिसेविका करत अधिसेविका (मेट्रन) झाले. पीएचडी नोकरीत असतानाच केली. आता पीएचडीच्या विद्यार्थिनींना मार्गदर्शन करते.

उत्तराचा गाभा आधी सांगते. सिद्धांत स्वतःच्या स्वभावावर चढवायला जाऊ नका. वॉर्डात रोज होणारं एक काम निवडा आणि सिद्धांत त्या कामावर लावून बघा. ओव्हर (पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवणं), ड्युटी लिस्ट, औषध देणं, इमर्जन्सी ट्रे तपासणं, काहीही चालेल. सिद्धांताने तुम्हाला त्या कामात आधी न दिसलेलं काही दाखवलं, तर तो उपयोगाचा. नाही दाखवलं, तर दुसरा घ्या. प्रबंधही तिथूनच उभा राहतो.

हे का म्हणते ते सांगते. नेतृत्वावर वाचायला लागलेल्या बहुतेक सिस्टर पहिल्यांदा स्वतःलाच बदलायला निघतात. आठवडाभर सगळ्यांशी शांतपणे बोलतात, मीटिंग घेतात, कौतुक करतात. मग एखाद्या रात्री अरेस्ट येतो, म्हणजे रुग्णाचं हृदय बंद पडतं, आवाज चढतो, आणि त्यांना वाटतं की आपल्याला हे जमणारं नाही. वास्तविक अरेस्टच्या वेळी आवाज चढवून नेमकी सूचना देणं हेच योग्य नेतृत्व असतं. अडचण अशी की पुस्तकात सिद्धांत स्वभावाच्या भाषेत येतो आणि वॉर्ड चालतो कामाच्या भाषेत.

परिवर्तनकारी नेतृत्वाचंच बघा. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी 1978 साली ही कल्पना मांडली ती राजकीय नेत्यांचा विचार करताना. बर्नार्ड बास यांनी 1985 मध्ये ती संस्थांना लावली आणि पुढे तिचे चार भाग रूढ झाले: आदर्श वाटावं असं वागणं, उमेद देणं, विचार करायला लावणं आणि प्रत्येकाकडे स्वतंत्र लक्ष देणं. ऐकायला छान. पण 2013 साली व्हॅन क्निपेनबर्ग आणि सिटकिन यांनी एक अडचण नेमकी दाखवली. या व्याख्येत परिणामच मिसळलेला आहे. ज्याच्यामुळे लोकांना उमेद येते तो उमेद देणारा नेता, असं म्हटल्यावर अशा नेत्यामुळे उमेद वाढते हे सिद्ध करण्यात काय राहिलं? आपल्याकडे 'परिवर्तनकारी नेतृत्व आणि परिचारिकांचं कार्यसमाधान' या धर्तीचे प्रबंध होतात. त्यांत एकच सिस्टर एकाच बैठकीत आपल्या इन-चार्जलाही गुण देते आणि स्वतःच्या समाधानालाही. त्या दिवशी तिला ऑफ नाकारला असेल तर दोन्ही गुण खाली जातात. दोन आकडे बरोबर हलले म्हणजे एकामुळे दुसरा हलला असं होत नाही. तुमचा आराखडा अजून पक्का झाला नसेल तर या वाटेने जाऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन.

आता ड्युटी लिस्ट घ्या, कारण वॉर्डातला निम्मा विश्वास तिच्यावर उभा असतो. नेता आणि प्रत्येक सहकारी यांच्यातलं नातं वेगवेगळं असतं आणि त्यातून आतला गट आणि बाहेरचा गट तयार होतो, असं सांगणारा एक सिद्धांत आहे. ग्रेन आणि उल-बीन यांचा 1995 चा लेख त्यासाठी वाचा. तो वाचून झाला की तुमच्या वॉर्डच्या मागच्या वर्षभराच्या ड्युटी लिस्ट काढा. गणपती, दिवाळी, ईद, नाताळ यांना ऑफ कुणाला मिळाला? नाईटला लागून नाईट कुणाला लागली? ऐन वेळी दुसऱ्या वॉर्डात पाठवायची वेळ आली की कुणाचं नाव पुढे केलं गेलं? कंत्राटी सिस्टर आणि कायम सिस्टर यांच्यात किती फरक पडला? ही माहिती आधीच कागदावर आहे, तिच्यासाठी कुणाला प्रश्नावली भरायला लावावी लागत नाही. तुम्ही कुणाला जवळची मानता हे तुम्ही स्वतः सांगाल त्यापेक्षा ती लिस्ट जास्त खरं सांगते. देवघेवीचं नेतृत्व म्हणून पुस्तकात ज्याला खालची पायरी दिली जाते, ते हेच. पण लिस्ट न्यायाने लागत नसेल तर उमेद देणाऱ्या भाषणाकडे कुणी लक्ष देत नाही, हे कुठल्याही सिस्टरला विचारा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी ओव्हरवर घालवायला सांगेन.

त्यासाठी आधी एक अभ्यास सांगते, कारण तो करणारी व्यक्तीही तेव्हा पीएचडीचीच विद्यार्थिनी होती. एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांतल्या आठ नर्सिंग युनिटमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. अपेक्षा अशी की टीम चांगली तर चुका कमी. आकडे उलटे आले. जिथे इन-चार्जवर विश्वास होता आणि आपसात मेळ होता, तिथे चुकांच्या नोंदी जास्त. खोलात गेल्यावर कळलं की त्या युनिटमध्ये चुका बोलून दाखवायची भीती कमी होती, म्हणून त्या नोंदीत येत होत्या. दुसरीकडे त्या दाबल्या जात होत्या. हे 1996 मध्ये प्रसिद्ध झालं. 1999 च्या निबंधात त्यांनी टीममधल्या मानसिक सुरक्षिततेची कल्पना नीट मांडली: प्रश्न विचारला, शंका काढली, चूक सांगितली तर आपली फजिती होणार नाही हा टीममधला समज.

वॉर्डात हे कसं दिसतं? मी सहायक अधिसेविका असताना एका सकाळी राउंडला गेले होते, मेडिसिन वॉर्डात ओव्हर चालू होती. आपल्याकडे इन्सुलिनची व्हायल बहुतेक ठिकाणी 40 युनिट प्रति मिलीची असते आणि तिची सिरिंज लाल टोपीची. केशरी टोपीची सिरिंज 100 युनिटच्या इन्सुलिनसाठी. त्या वॉर्डात स्टोअरमधून केशरी टोपीच्या सिरिंज आल्या होत्या आणि व्हायल 40 चीच होती. अलीकडेच रुजू झालेली एक सिस्टर ओव्हरच्या मध्येच म्हणाली, "सिस्टर, या टोप्या केशरी कशा?" क्षणभर सगळ्या गप्प. इन-चार्जने रिपोर्ट बुक बाजूला ठेवलं, ट्रे मागवला, व्हायल आणि सिरिंज शेजारी शेजारी धरून सगळ्यांना दाखवली, सगळा बॉक्स परत पाठवायला सांगितला. आणि मग सगळ्यांसमोर त्या मुलीचं नाव घेऊन म्हणाली, "हे हिने पकडलं. ज्याला असं काही दिसेल त्याने ओव्हर थांबवायची."

यात काय टळलं ते समजून घ्या. 10 युनिट लिहिलेत, केशरी टोपीच्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत भरलं, तर जातं 0.1 मिली. 40 च्या व्हायलमधलं ते फक्त 4 युनिट. साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत 20 वर नेतात, तरी रुग्णाला प्रत्यक्षात 8 च मिळतात. आणि ज्या दिवशी लाल टोपीची सिरिंज परत येते त्या दिवशी तेच 20 पूर्ण जातात आणि रुग्ण हायपोत जातो, म्हणजे त्याची साखर धोकादायक खाली येते. तेव्हा केस पेपरवर सगळं बरोबरच लिहिलेलं असतं. या साखळीतली एकच कडी बोलण्यावर अवलंबून होती, ती म्हणजे नव्या सिस्टरने तोंड उघडणं. आणि पुढच्या वेळी तिने किंवा तिच्या बरोबरीच्या दुसऱ्या कुणी तोंड उघडावं की नाही, हे इन-चार्जच्या त्या एका वाक्याने ठरलं. 'मध्ये बोलू नकोस, नंतर बघू' असं म्हटलं असतं तर तेही सगळ्यांच्या लक्षात राहिलं असतं.

यातून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो बघा. 'माझं नेतृत्व कसं आहे' हा मोजायला अवघड प्रश्न. 'ओव्हरमध्ये ज्युनिअर सिस्टर किती वेळा प्रश्न विचारतात आणि त्याला उत्तर काय मिळतं' हे बसून मोजता येतं. ज्या वॉर्डात असे प्रश्न जास्त येतात, तिथे रुग्णापर्यंत पोचण्याआधी पकडलेल्या चुकांच्या नोंदीही जास्त होतात का? इन-चार्जच्या प्रतिसादात ठरवून बदल केला तर पुढच्या महिन्यांत प्रश्न वाढतात का? हा प्रबंधाचा विषय झाला, आणि तो वॉर्डाच्याही कामाचा आहे.

एक धोका आधीच सांगून ठेवा, अधिष्ठात्यांना, वैद्यकीय अधीक्षकांना आणि अधिसेविकांना. लेखी सांगा. काम नीट चाललं तर सुरुवातीला चुकांच्या नोंदी वाढतील. ते माहीत नसलेला वरिष्ठ आकडा बघून मेमो काढतो, आणि एकदा मेमो निघाला की त्या वॉर्डात पुढे वर्षभर कुणी काही लिहीत नाही. म्हणून नोंदी दोन भागांत ठेवा: रुग्णाला लागण्याआधी पकडलेल्या आणि लागल्यानंतर कळलेल्या. पहिल्या वाढाव्यात, दुसऱ्या कालांतराने कमी व्हाव्यात.

ओव्हरवर दुसराही एक सिद्धांत चांगला बसतो. रोनाल्ड हायफेट्झ यांनी 1994 मध्ये तांत्रिक अडचण आणि लोकांनी स्वतःची सवय बदलल्याशिवाय न सुटणारी अडचण असा फरक केला. पहिलीचं उत्तर ठाऊक असतं, ते आणून लावायचं. दुसरीत ज्यांची अडचण त्यांनाच काही सोडावं लागतं. आपल्याकडे ओव्हर सुधारायची म्हणजे एसबारचा फॉर्म छापायचा. परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस. अमेरिकी नौदलातून आलेली आणि कैसर परमनंटे या संस्थेने रुग्णालयात रुळवलेली ही पद्धत चांगलीच आहे. पण मी कितीतरी वॉर्डांत पाहिलंय की नाईटची सिस्टर पहाटेच सगळे फॉर्म भरून ठेवते आणि आठ वाजता टेबलावर गठ्ठा देऊन निघते. फॉर्म हा तांत्रिक भाग झाला. बेडजवळ जाऊन, रुग्णासमोर, सलाईनच्या बाटलीवरची वेळ बघत ओव्हर देणं हा दुसरा भाग आहे.

तो का होत नाही? आळस म्हणून सोडून देऊ नका, नीट विचारा. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं: ठरलेली लोकल, ठरलेली एसटी. बेडवार ओव्हर लांबली की नाईट करून निघालेल्या सिस्टरची गाडी चुकते, पुढची कधी येईल सांगता येत नाही, घरी मुलाला शाळेत सोडायचं असतं. कर्ट लेविन यांनी 1940 च्या दशकात सांगितलंच होतं की कुठलीही परिस्थिती पुढे रेटणाऱ्या आणि मागे ओढणाऱ्या जोरांच्या तोलावर उभी असते, आणि नुसता रेटा वाढवला की ताण वाढतो. परिपत्रक काढणं म्हणजे रेटा वाढवणं. मागे ओढणारा जोर इथे गाडीचा होता. मग तोडगा असा निघाला की गंभीर रुग्ण, नवे दाखल झालेले आणि रक्त किंवा इन्सुलिन चालू असलेले एवढ्यांचीच ओव्हर बेडजवळ, बाकीची टेबलावर, आणि सकाळच्या दोघींपैकी एकीने थोडं आधी येऊन तेवढ्या वेळाची भरपाई दुपारी घ्यायची. पुस्तकात लेविनचे बदलाचे तीन टप्पे पाठ करून घेतात. त्यापेक्षा हा जोरांचा विचार वॉर्डात दसपट उपयोगी पडतो.

कॉटर यांच्या बदल घडवण्याच्या आठ पायऱ्या, हर्सी आणि ब्लँचर्ड यांचं परिस्थितीनुसार नेतृत्व, यांवर फार वेळ घालवू नका. पहिलं मोठ्या कंपन्यांच्या अनुभवातून आलंय. दुसरं प्रशिक्षणात लोकप्रिय आहे, पण त्याला पुराव्याचा आधार कमकुवत आहे. आधीच्या संशोधनाच्या आढाव्यात दोघांना दोन परिच्छेद पुरेत.

आता एक गोष्ट मनापासून सांगते, कारण तिच्याकडे नेतृत्वाचे प्रबंध सर्रास डोळेझाक करतात. मनुष्यबळाची कमतरता नेतृत्वाने भरून निघत नाही. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियातल्या रुग्णालयांचा अभ्यास करून दाखवलं की प्रत्येक नर्समागे एक शस्त्रक्रियेचा रुग्ण वाढला की 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. 2014 मध्ये युरोपातल्या नऊ देशांतून जवळपास तसंच चित्र आलं. आपल्या वॉर्डात एका सिस्टरमागे किती रुग्ण असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या प्रबंधात प्रत्येक पाळीतलं नर्स आणि रुग्णांचं प्रमाण नोंदवलेलं नसेल तर तो प्रबंध वरिष्ठांच्या हातात असं सांगायला साधन देईल की 'पदं भरायची गरज नाही, सिस्टरांना नेतृत्वाचं प्रशिक्षण द्या'. सेवक नेतृत्वाच्या बाबतीत हे जास्तच होतं. रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी 1970 मध्ये ती कल्पना मांडली ती सत्ता असलेल्यांसाठी, ज्यांच्याकडे अधिकार आहेत त्यांनी आधी इतरांची गरज बघावी म्हणून. आपल्याकडे ती रिकाम्या पदांवर दुहेरी ड्युटी करणाऱ्या सिस्टरलाच ऐकवली जाते. हे चुकीचं आहे आणि प्रबंधात तसं लिहायला कचरू नका.

परदेशी नावांनी दडपून जाऊ नका हेही सांगते. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं तेव्हा गावातल्या, अनेकदा अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या त्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आलेला दिसला. नेतृत्वाच्या अंगाने पाहिलं तर दोन्हीकडे एकच गोष्ट झाली. निर्णयाचा अधिकार रुग्णाच्या सगळ्यात जवळ असलेल्या व्यक्तीला दिला, आणि तो पेलण्याइतकं शिक्षण आणि पाठबळ त्याबरोबर दिलं. विभागलेल्या नेतृत्वावर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलंय. ते समजून घ्यायला महाराष्ट्रातल्या विद्यार्थिनीने आधी ही दोन कामं अभ्यासावीत असं माझं मत आहे.

आता प्रबंधाच्या बाजूकडे येते.

परिणाम म्हणून काय मोजायचं हे फार जपून ठरवा. 2009 मध्ये जगातल्या आठ शहरांत, त्यात दिल्लीही होतं, शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी वापरल्यावर मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचं प्रसिद्ध झालं. मग कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात ती सक्तीची झाली. 2014 मध्ये तिथल्या 101 रुग्णालयांचे आकडे आले, तर मृत्यूंत लक्षणीय फरक नव्हता. यादी तीच असताना निकाल वेगळे आले, म्हणजे ती टीममध्ये कशी रुजवली जाते याकडे बघणं भाग आहे. आपल्याकडचं उदाहरण उत्तर प्रदेशातलं. तिथल्या 120 आरोग्य केंद्रांपैकी निम्म्यांत सुरक्षित प्रसूतीची यादी आणि सोबत प्रत्यक्ष मार्गदर्शन दिलं गेलं, बाकीची तुलनेसाठी ठेवली. 2017 मध्ये निष्कर्ष आले: परिचारिकांच्या कामाच्या पद्धती सुधारल्या, पण माता आणि नवजात बालकांचे मृत्यू आणि गंभीर आजार यांत फरक पडला नाही. इतक्या प्रचंड अभ्यासात जे दिसलं नाही ते तुमच्या दोन वॉर्डांत दिसेल अशी आशा धरून मृत्युदर हा परिणाम ठेवू नका. नेतृत्वाच्या जवळचं काही मोजा: डॉक्टरला कळवायला लागलेला वेळ, हात धुण्याचं पालन, पकडलेल्या चुका, ओव्हरमधले प्रश्न.

आधी आणि नंतर अशी सरळ तुलना तर मेडिसिन वॉर्डात मुळीच करू नका. फेब्रुवारी ते एप्रिल 'आधी' आणि जुलै ते सप्टेंबर 'नंतर' असं कितीतरी आराखड्यांत असतं, कारण मधले महिने प्रशिक्षणात जातात. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टोचे रुग्ण येतात, जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात, तो वॉर्ड उन्हाळ्यातला वॉर्ड राहतच नाही. महिन्याला किंवा आठवड्याला एक असे बिंदू मांडत सलग आलेख काढा, निदान एक पूर्ण वर्ष. मध्यकाच्या एकाच बाजूला सलग सहा किंवा अधिक बिंदू आले तर खरा बदल झाला असं मानायला जागा असते. शक्य असेल तर दोन-तीन वॉर्डांत हस्तक्षेप, म्हणजे तुम्ही ठरवून केलेला बदल, एकदम सुरू न करता टप्प्याटप्प्याने करा, म्हणजे पावसाचा परिणाम कुठला आणि तुमच्या कामाचा कुठला हे वेगळं करता येतं.

आता नीतिमत्तेचा प्रश्न, आणि इथे मी कडक आहे. ज्या सिस्टरांचे गोपनीय अहवाल तुमच्या शेऱ्याने जातात त्यांच्याकडून तुम्ही स्वतः संमतिपत्रावर सही घेऊ नये. त्या नाही म्हणू शकत नाहीत. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अधिकाराच्या उतरंडीत खाली असलेल्या व्यक्तींना विशेष संरक्षण द्यायला सांगितलंय ते याचसाठी. संमती आणि मुलाखती दुसऱ्या कॉलेजच्या शिक्षिकेकडून किंवा प्रशिक्षित सहायकाकडून करून घ्या. कोण सहभागी झालं आणि कोण नाही हे तुम्हाला कळता कामा नये. नैतिक समितीपुढे जाताना हे आधीच लिहून न्या, समितीने विचारायची वाट बघू नका. स्वतःचा वॉर्ड अभ्यासाला घ्यायचाच नाही असं मी म्हणत नाही. हस्तक्षेप तुमच्या वॉर्डात करा, माहिती गोळा करणं दुसऱ्याच्या हातात द्या.

प्रश्नावली वापरणार असाल तर दोन गोष्टी. बास यांची नेतृत्वाची प्रश्नावली परवानगी आणि शुल्क भरून घ्यावी लागते, झेरॉक्स काढून वाटायची नाही. आणि ती मराठीत आणायची तर भाषांतर, मग दुसऱ्या व्यक्तीकडून उलट भाषांतर, तज्ज्ञांची तपासणी, आणि थोड्या सिस्टरांवर चाचणी, एवढं सगळं करावं लागतं. यात महिने जातात, ते वेळापत्रकात धरा. मुलाखती मराठीतच घ्या, विश्लेषणही मराठी शब्दांवरच करा, इंग्रजी सगळ्यात शेवटी. "मॅडम रागावत नाहीत पण मग बोलतच नाहीत" असं एखादी सिस्टर म्हणते. हे वाक्य लगेच इंग्रजीत नेलं तर त्यातला अबोला हरवतो, आणि तुमचा निष्कर्ष नेमका त्या अबोल्यात असू शकतो.

वेळेचं म्हणाल तर युजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत पीएचडीला किमान 3 वर्षं आणि कमाल 6 वर्षं दिली आहेत, पुनर्नोंदणी करून आणखी 2, आणि स्त्रियांना त्यावर 2 वर्षांची सवलत. अर्धवेळ पीएचडीसाठी नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची नियमावली असते, ती आधी वाचा. रोजचं म्हणाल तर ड्युटी संपल्यावर घरी जाण्याआधी दहा ओळी लिहा: आज कुणी काय विचारलं, कुणी गप्प बसलं, निर्णय कुणी घेतला. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक त्यात येऊ देऊ नका. नाईटच्या दुसऱ्या दिवशी वाचायला बसू नका, डोक्यात काही राहत नाही. तो दिवस झोपेचा. वाचन ऑफच्या दिवशी सकाळी, आणि घरच्यांना ते आधी सांगून ठेवलेलं बरं.

आणि बदलीचा विचार आराखड्यातच करा. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. रेसिडेंट डॉक्टर तर त्याआधीच पोस्टिंग संपवून गेलेले असतात. तुमच्या जाण्याने जे बंद पडेल ते तुमच्या व्यक्तिमत्त्वामुळे चालू होतं आणि जे पुढेही चाललं ते वॉर्डाने उचललं, हा फरक तुमच्या प्रबंधाचा सगळ्यात मोलाचा भाग होऊ शकतो. म्हणून हस्तक्षेप सुरू करतानाच ओव्हर थांबवण्याचा अधिकार, गंभीर रुग्णांची यादी ठरवण्याचं काम, नोंदी महिन्याच्या शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवण्याचं काम वेगवेगळ्या सिस्टरांकडे पाळीपाळीने द्या. तुमची बदली झाली तर माहिती गोळा करणं थांबवू नका. नव्या इन-चार्जची आणि अधिसेविकांची परवानगी घेऊन आणखी सहा महिने ते चालू ठेवा, आणि तसं करायची मंजुरी नैतिक समितीकडून पहिल्याच अर्जात मागून ठेवा.